हिवरवाडीचा कल

पूर्वकौलात मी हरले, त्या संध्याकाळी मला हरवणाऱ्या बाईसाठी पिठलं-भाकरी मीच केली. करते काय! घर एक, स्वयंपाकघर एक, आणि जिनं मला हरवलं ती माझी धाकटी जाऊ. "ताई, तुमच्या हातच्या पिठल्याला तोड नाही," असं म्हणत मृण्मयीनं आणखी एक भाकरी मागून घेतली. माझे यजमान संपतराव तिला कांदा फोडून देत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्यांनी कधी कांदा फोडून दिला नाही.

पूर्वी तिकीट कुठल्या तरी बंगल्यावर बंद दाराआड ठरायचं. मिळालं नाही तर माणूस नेत्याला चार शिव्या घालून मोकळा व्हायचा. मागच्या दोन निवडणुकांपासून कायदाच आला की पक्षाचा उमेदवार पक्षाच्या सभासदांनी मत देऊन निवडायचा. हाच पूर्वकौल. ऐकायला फार गोड, पण आता शिव्या घालायच्या कुणाला? आपल्याच माणसांनी आपल्याला नाकारलेलं असतं, तेही रांगेत उभं राहून.

तारगड मतदारसंघात मी, हेमलता धुमाळ, लोकमंगल पक्षाचं काम करायला लागले तेव्हा ही मृण्मयी दप्तर घेऊन शाळेत जात होती. डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांना रस्ता नव्हता तेव्हा मी तिथं चालत गेले. मोर्चे काढले, उपोषणं केली, पित्त वाढवून घेतलं. आणि ही आमच्या विक्रांतभावजींशी लग्न करून आली ती दातांची डॉक्टर होऊन. हसली की तिच्याच दवाखान्याची जाहिरात व्हायची. सभेत कसं उभं राहायचं, पदर कुठं खोचायचा, माइक तोंडापासून किती लांब धरायचा, हे सगळं मी शिकवलं. तिनं ते इतकं छान आत्मसात केलं की मलाच हरवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

खोऱ्यातल्या बागायती गावांनी तिला उचलून धरलं. डोंगरपट्टा सगळा माझ्याकडे राहिला, पण डोंगरावर माणसं किती असणार? थोडक्यात गेलं. थोडक्यात गेलेलं जास्त लागतं.

दुसऱ्याच दिवशी गावभर फलक लागले. त्यात मृण्मयी माणसाएवढी, हात जोडून हसणारी, आणि कोपऱ्यात मी, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

---

आमचे तालुकाध्यक्ष तात्या जगदाळे. त्यांना पूर्वकौल संपल्याचा आनंद नव्हता, धास्ती होती. शेजारच्या मतदारसंघात मागच्या खेपेला असंच झालं होतं. पूर्वकौलात दोन गट हमरीतुमरीवर आले, हरलेल्याची माणसं मतदानाच्या दिवशी घरात पंखा लावून झोपली आणि हातची जागा गेली. हरलेल्याची माणसं जिंकलेल्याला मत देतात का, हा प्रश्न आता प्रत्येक पक्षाच्या मानगुटीवर बसलेला होता. लोकांना विचारावं तर लोक "हो हो" म्हणतात. पोटात एक आणि ओठात एक असलं तर ते समजायचं कसं?

म्हणून पक्षानं पुण्याहून कलपट्टी आणली, आणि तिच्याबरोबर गार्गी वाळिंबे नावाची मुलगी पाठवली. पक्ष कार्यालयात मोठा पडदा लावून तिनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. मी पुढच्या खुर्चीवर, मृण्मयी माझ्या शेजारी.

"ही मनगटावर बांधायची पट्टी," गार्गी म्हणाली. "हिला तीन गोष्टी कळतात. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, कातडीवरचा घाम आणि कातडीची ऊब. आवडत्या माणसाचं नाव कानावर आलं की अंग सैल पडतं. नाडीचे ठोके जरा मोकळे होतात, बोटं कोमट होतात. नको असलेलं नाव आलं की अंग आखडतं, तळहाताला घाम येतो, बोटं गार पडतात. हे आपल्या ताब्यात नसतं. तोंड खोटं बोलू शकतं, तळहात नाही."

"पण लोक बांधून घेतील का?" तात्यांनी विचारलं.

"घेतात. कारण हीच पट्टी साखर आणि रक्तदाब पण सांगते. रोज सकाळी बारीक आवाजात गावच्या बातम्या वाचून दाखवते. पावसाचा अंदाज, बाजारभाव, एसटीच्या वेळा. त्यात मधूनच उमेदवाराचं नाव येतं. ते ऐकून अंगाचं काय होतं ते आमच्याकडे येतं. गावागावातल्या थोड्याच लोकांनी बांधली तरी गावाचा कल कळतो."

"आणि अंग आखडलं म्हणजे माणसाला राग आलाय हे कशावरून?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. सध्या माझं स्वतःचं अंग चोवीस तास आखडलेलं असे.

"चांगला प्रश्न आहे, ताई. नुसत्या अंगावरून ते कळत नाही. म्हणून आम्ही आधी शहरातल्या हजारो लोकांना पट्ट्या बांधल्या आणि नंतर त्यांनी काय केलं ते यंत्राला शिकवलं. आपल्याच पक्षाच्या उमेदवाराचं नाव ऐकून ज्यांचं अंग आखडलं ते जवळपास सगळे रागावलेले निघाले. त्यांनी मत दिलं नाही, नाहीतर समोरच्याला दिलं. त्यावरून यंत्र रंग ठरवतं. हिरवा म्हणजे मत देणार, पिवळा म्हणजे डळमळीत, लाल म्हणजे नाही देणार."

मग तिनं तारगडचा नकाशा लावला. प्रत्येक पट्टीचा एक ठिपका. नावं तिलाही दिसत नव्हती, ठिपका मात्र ज्या घरात पट्टी त्याच घरावर. म्हणजे नाव झाकलं आणि घर उघडं ठेवलं. खोरं हिरवंगार दिसत होतं. आणि वर डोंगरपट्टा, हिवरवाडीपासून थेट शेवटच्या वस्तीपर्यंत, लालभडक.

मृण्मयीचा चेहरा पडला. तिनं टेबलाखाली माझा हात धरला, मी तो धरू दिला. माझ्या पोटात मात्र गुदगुल्या होत होत्या. माझी माणसं! मी हरले म्हणून माझ्या माणसांचं अंग आखडतंय! त्या मुलीनं खोरं जिंकलं असेल, पण असं लालभडक होऊन तिच्यासाठी कोण बसणार आहे? मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. बरं तर बरं, माझ्या मनगटावर पट्टी नव्हती.

"डोंगरपट्टा असाच राहिला तर जागा गेली," तात्या म्हणाले. "हेमलताताई, हे फक्त तुमच्या हातात आहे. तुम्ही जाऊन सांगा त्यांना."

"सांगते की," मी म्हणाले. "घरचीच आहे ती."

---

हिवरवाडीला मी गेले ती भर उन्हाची. हिवाळ्यात तिथं हाडं गोठतात, उन्हाळ्यात दगड तापतात. खंडोबाच्या देवळापुढं बायका जमल्या होत्या. पूर्वकौलाच्या वेळी याच पारावर या बायकांनी मला ओवाळलं होतं. या खेपेला त्या खाली मान घालून बसल्या होत्या.

मी बोलले. फार चांगलं बोलले. मृण्मयी हुशार आहे, शिकलेली आहे, माझ्या लेकीसारखी आहे, मला देत होता तोच आशीर्वाद तिला द्या. एकेक वाक्य गुळात घोळवून. आणि प्रत्येक वाक्याला मी बायकांचे चेहरे बघत होते. तिचं नाव आलं की एखादी पदराशी चाळा करायची, एखादी मनगटावरची पट्टी कुरवाळायची. कुणी मान डोलावली नाही. मी मनातल्या मनात मांडे खात होते. मोटारीत बसलेल्या गार्गीचा निरोप आला, 'ताई, लाल आणखी गडद झालंय.' मला तो निरोप एखाद्या सत्कारासारखा वाटला.

सभा उठली. मी गाडीकडे निघाले तर धोंडाबाईनं माझा हात धरून मला देवळाच्या मागच्या बाजूला ओढत नेलं. धोंडाबाई लोखंडे म्हणजे या गावातलं माझं पहिलं घर. माझ्या प्रत्येक मोर्च्यात पुढं असायची.

"वहिनी, येक मागनं हाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमाला सोडवा."

"कशातून?"

"अवो, भंडारा न्हाय का उचललेला आमी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोंगरपट्ट्यात निवडणूक म्हटली की बेलभंडार उचलायची रीत आहे. मत देईन तर अमक्यालाच, असं म्हणून देवापुढचा भंडारा आणि बेल हातात घ्यायचा. एकदा उचलला की उचलला. शब्द मोडला तर घरावर संकट येतं, असा पक्का समज. पूर्वकौलाच्या आधी आमच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव ताट फिरवलं होतं. मी हात जोडून उभी होते. 'मत देईन तर हेमलतावहिनीलाच' असं म्हणत एकेक बाई भंडारा उचलत गेली. पण हे पूर्वकौलापुरतं आहे, नंतर खरी निवडणूक वेगळी असते, हे कुणी म्हणालंच नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"आता मशिनीत तुमचं नावच न्हाय," धोंडाबाई म्हणाली. "मग आमी बटन दाबायचं कुनाचं? डाक्टरीनबाईला दिलं तर भंडारा मोडतोय. माझी सून पोटुशी हाय वहिनी. ही पट्टी सकाळी सकाळी डाक्टरीनबाईचं नाव घेती, आन् माझ्या पोटात गोळा येतो. गावातल्या समद्या बायांचं असंच झालंय. तुमी 'शपथ सुटली' म्हणा. ज्याच्यासाठी उचलला त्यानं सुटली म्हणलं की सुटतीया."

तिचा तळहात माझ्या हातात होता. घामेजलेला, आणि बोटं गार.

"बघते," मी म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

---

परतीच्या वाटेवर गार्गी माझ्या शेजारी बसली होती. ती बिचारी आपल्याच तंद्रीत. "ताई, खरं सांगू? मी इतकी गावं पाहिली, पण एका माणसावर लोकांचं इतकं प्रेम मी नाही पाहिलं. ती माणसं दुसरं नावसुद्धा सहन करू शकत नाहीत."

सकाळी हेच वाक्य ऐकलं असतं तर मी तिला दह्यात साखर घालून खायला दिली असती. आता ते काट्यासारखं टोचलं. प्रेम कसलं? राग तरी कसला? भीती होती ती नुसती. शहरातल्या माणसांनी कधी भंडारा उचललेला नसतो, त्यामुळे यंत्राला राग शिकवला गेला, ही भीती त्याला कुणी शिकवलीच नाही. डोंगर लाल झाला होता तो माझ्यासाठी नव्हता, खंडोबासाठी होता.

संध्याकाळी मृण्मयी पायरीवर बसली होती. प्रचारातून आलेली, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. मी तुळशीला पाणी घालत होते.

"ताई, मी त्या माणसांचं काय वाईट केलं हो?" तिनं विचारलं. "मी पण दर महिन्याला तिथं शिबिर घेते. माझं नाव ऐकून त्यांच्या तळहाताला घाम येतो?"

एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. मी नाही सांगितलं. उलट म्हणाले, "माणसांच्या मनाचं काही सांगता येत नाही गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना बघून मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं, आता खोटं कशाला बोलू? मी तांब्या ठेवून आत गेले आणि तिच्यासाठी चहा टाकला, आल्याचा, तिला आवडतो तसा.

तेवढ्यात तात्या आले. ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही तुमचं काम केलंत. आता नाही ऐकत लोक तर तुमचा काय दोष? पक्ष एवढंच बघणार की तुमच्याशिवाय डोंगर हलत नाही. ही पडली, तर पुढच्या वेळी पूर्वकौलात तुमच्यासमोर उभं राहायला कुणी धजणार नाही."

चहा उतू गेला. माझ्या समोर सगळं स्वच्छ उभं राहिलं. मी काहीही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. एक शब्द, 'सुटली', तो म्हणायचा नव्हता. डोंगर घरी बसेल, मृण्मयी पडेल, यंत्र सांगेल की लोकांना राग आला होता, आणि पुढची निवडणूक माझी. भेद फक्त मला आणि डोंगरावरच्या बायकांना माहीत, आणि त्या काही पक्ष कार्यालयात येऊन सांगणार नव्हत्या.

चार दिवस मी गप्प बसले. रोज कार्यालयात जाऊन तो लाल डोंगर बघत होते. आधी तो बघून मला गुदगुल्या व्हायच्या, आता नुसता जीव कासावीस व्हायचा. खाली खोऱ्यात हिरवे ठिपके दिसायचे, एकेक. ते मृण्मयीचे होते, खरेखुरे तिचे. तिचं नाव ऐकून लोकांची बोटं कोमट होत होती. तिच्यासाठी कुणी भंडारा उचललेला नव्हता, लोकांनी तिला असंच दिलं होतं. आणि माझे? या सगळ्या लाल ठिपक्यांत माझा म्हणावा असा किती होता? निम्मे? दहा? मी तिच्यावर जळत होते ते तिकिटावरून, असं मला इतके दिवस वाटत होतं. आता कळलं, तिकीट गेलं खड्ड्यात. मी त्या हिरव्या ठिपक्यांवर जळत होते.

आणि मग मला ते बघितल्याशिवाय चैन पडेना. शपथ काढून घेतली तर माझं म्हणून काय उरतं? लोक म्हणतात मी मोठ्या मनानं पक्षासाठी केलं. तात्यांनी तसं भाषणही ठोकलं नंतर. मोठं मन वगैरे काही नव्हतं. मला माझे ठिपके मोजायचे होते.

---

पहिल्यांदा हिवरवाडीच. मी कुणाला बरोबर घेतलं नाही. देवळापुढं बायका जमल्या, मी पुजाऱ्याकडून भंडाऱ्याचं ताट मागून घेतलं आणि एकेकीच्या कपाळाला बोट लावत गेले. "सुटली," मी म्हणाले. "माझ्यासाठी उचलला होतात, तो मी सोडवला. देवाची साक्ष. आता मत ज्याला द्यायचं त्याला द्या."

बायकांनी इतका मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. कुणी हसली, कुणी पदरानं डोळे पुसले. धोंडाबाईनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "उपकार झाले वहिनी. जिवाचं पानी पानी झालं व्हतं."

"मग आता मत कुणाला?" मी विचारलं. गप्प बसता आलं असतं, पण जीभ आवरली नाही.

"डाक्टरीनबाईला की!" ती ताबडतोब म्हणाली. "पोरगी लई गुणाची हाय. माझी दाढ काढली तिनं, मला कळूसुदिक दिलं न्हाय. आन् तुमच्याच घरची न्हवं का? तुमी काय, ती काय!"

तुम्ही काय, ती काय. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. एकीनं तिच्या मुलाच्या दाताला बसवलेली तार मला कौतुकानं दाखवली. मी ती वाकून बघितली, छान बसवली होती.

तिथून पुढच्या गावाला गेले, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे तेच ताट, तोच शब्द, तोच सुटकेचा श्वास, आणि मग तेच डाक्टरीनबाईचं कौतुक. एका वस्तीवर तर मी 'सुटली' म्हणायच्या आतच बाईनं कपाळ पुढं केलं. इतकी घाई! शेवटच्या गावाहून उतरल्यावर मला जेवण जाईना. जाळायला बाहेरून काही लागत नाही, आतलं पुरतं.

दोन दिवसांनी गार्गी धावत आमच्या घरी आली. तिच्या हातातल्या टॅबलेटच्या पाटीवर डोंगर हिरवा झाला होता. पायथ्यापासून वरपर्यंत, जणू कुणी वरून पाणी सोडलं. "ताई, तुम्ही केलंत तरी काय? भाषणानं जे झालं नाही ते कशानं झालं?"

मी तिला सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला. "म्हणजे ती भीती होती? आणि आम्ही राग म्हणून लिहीत होतो?" मग ती घाईघाईनं पुण्याला कुणाशी तरी बोलायला अंगणात गेली.

मृण्मयीनं मला मिठी मारली. खांदा ओला होईपर्यंत सोडलं नाही. "ताई, तुम्ही नसता तर मी पडलेच होते." संपतराव बाजूला उभे राहून माझ्याकडे असे बघत होते की जणू मी नव्यानंच घरात आले आहे. हे सगळं मला हवं होतं ना? मग मिठीत असताना मी तिच्या खांद्यावरून गार्गीनं टेबलावर ठेवलेल्या पाटीकडेच का बघत होते?

कारण हिरव्या डोंगरात एक ठिपका लाल होता. हिवरवाडीत, वरच्या अंगाला, गावापासून जरा सुटा.

---

मृण्मयी निवडून आली, हे इथंच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. चांगल्या मतांनी आली. माझं स्वतःचं मतही तिलाच गेलं. बटणावर बोट ठेवलं तेव्हा ते बर्फासारखं गार होतं, पण दाबलं. सांगायचं राहिलं ते मतदानाच्या आदल्या दिवसाचं.

तात्यांचा आग्रह होता की एकही ठिपका सोडायचा नाही. "जा ताई, तेवढं एक घर उरकून या." गार्गीला मात्र कळत नव्हतं. शपथ सुटली, सगळे सुटले, मग हा एकच लाल कसा? "कुणीतरी त्या दिवशी देवळापाशी आलं नसेल," ती म्हणाली.

मला ते घर कुणाचं ते ठाऊक होतं. गावाच्या वर, ओढ्यापलीकडे एकच घर आहे, जैनबचाची मुलाणीचं. एकटी राहते, शेळ्या राखते. मी गेले तेव्हा ती दारात बसून शेळीच्या पिलाला बाटलीनं दूध पाजत होती. मला बघून उठली, पदरानं खाट झटकली, माठातलं गार पाणी दिलं. मनगटावर पट्टी होतीच.

"चाची, तुम्ही भंडारा कधी उचललात?" मी विचारलं.

ती हसली. "मला कोन ताट पुढं करनार वहिनी? आमचं घर निराळं, आमचा देव निराळा. मला कुनी विचारलंसुदिक न्हाय."

"मग?"

"मग काय? मी मनाशीच म्हनलं व्हतं, मत वहिनीला. तुमाला हरवलं ना त्या पोरीनं? ही पट्टी सकाळी तिचं नाव घेती, आन् माझं डोकं फिरतं. दोनदा काढून फेकली. साखर बगायला परत बांधली."

"चाची, मी तुमच्यासाठी केलं तरी काय?"

"अवो, रस्ता आखत व्हते तवा! ते सायेब म्हनत व्हते रस्ता ओढ्याच्या अलीकडंच थांबवा, पलीकडं काय, येकच घर हाय. तुमी त्याला म्हनलात, ते येक घर घर न्हाय का? आन् पूल झाला. इसरलात?"

मी विसरले होते. कितीही ताण दिला तरी मला ते आठवेना. मोर्चे आठवत होते, उपोषणं आठवत होती, वर्तमानपत्रात आलेले फोटो आठवत होते. हे एक वाक्य मी कधी बोलले, कुणाला बोलले, काही आठवेना. मी खाटेवर बसले आणि चांगली रडले. चाचीनं मला रडू दिलं, मधे पिलू येऊन माझा पदर चघळू लागलं त्याला तेवढं हाकललं.

निघताना ती ओढ्यापर्यंत सोडायला आली. पुलाच्या तोंडाशी थांबली.

"वहिनी, उद्या मत. तुमी तर उभ्या न्हाई. तुमीच सांगा, कुनाला देऊ? तुमी म्हनाल त्येला देती. त्या पोरीला म्हनलात तर त्या पोरीला. तुमचा शब्द."

तिनं माझा हात हातात घेतला होता. तिची बोटं कोमट होती. खाली रस्त्यावर तात्यांची गाडी माझी वाट बघत उभी होती. आतून कुणीतरी हात हलवला. बहुतेक मृण्मयी असावी, सोबत आली होती ती. माझ्या तोंडातून तिचं नाव निघालं की तेही मत तिचं. सगळा डोंगर तिचा झालाच होता.

"ऊन फार आहे, चाची," मी म्हणाले. "उद्या तुम्ही घरीच राहा."